काकांच्या ट्रेलरचा विमा

आई-बाबांनंतर मी ज्यांचा सगळ्यात जास्त ऋणी आहे, ते काका अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला राहत. नात्याने ते माझे कोणी नव्हते, नागपूरकडच्या ओळखीतून झालेले काका. घरात कुठलीही नवी वस्तू आली की तिचं कौतुक करायच्या आधी ते विचारत, "ही बिघडेल कशी?"

हा प्रश्न ते काळजीने विचारत नसत, आवडीने विचारत. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा माझ्या हातात नवं घड्याळ होतं. काकांनी दारातच माझा हात धरला. मला वाटलं, शेकहँड. तर त्यांनी मनगट उलटं-सुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "आधी पट्टा जाईल."

मी म्हटलं, "काका, आजच घेतलंय."

"म्हणून तर सांगून राहिलो. जुन्या घड्याळाचं काय, कोणीही सांगेल."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, त्या पोराला आत तर येऊ द्या. दारातच मोडायला बसले."

काका मूळचे नागपूरचे. एका मोटार कंपनीच्या चाचणी विभागात इंजिनीअर होते. दारं, कड्या, सीटबेल्टची बकलं त्यांच्या टेबलावर येत, आणि ती मोडेपर्यंत ओढायची, मग नेमकी कुठे मोडली ते लिहायचं, हे त्यांचं काम. काकू हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होत्या. त्या म्हणत, "ऑफिसात मोडायचा पगार मिळतो यांना. घरी फुकट मोडतात."

घरात मागच्या बाजूला एक चांगली मोठी खोली होती, खिडकीवाली. तिच्यात काकांच्या बिघडलेल्या वस्तू राहत. तार जळलेला टोस्टर, काड्या उलट्या वळलेली छत्री, किल्ली आत तुटलेलं कुलूप, फाटलेली कुकरची रिंग, आणि कंपनीने टाकून दिलेली बकलं तर टोपलीभर. यातलं काही फेकायचं नाही. "चांगली वस्तू काही शिकवत नाही," काका म्हणत, "ती नुसती चालते." काकू त्या खोलीला म्युझियम म्हणत आणि तिच्यात झाडू घेऊन जायला त्यांनी नकार दिला होता. त्यांची मुलगी तेव्हा हायस्कुलात होती. ती मराठी सगळं समजायची, बोलायची मात्र इंग्रजीत. जेवताना एकदा ती म्हणाली, "बाबा, नॉर्मल पीपल हॅव अ गेस्ट रूम."

काका शांतपणे म्हणाले, "गेस्ट काय शिकवणार?"

माणसांकडेही ते याच नजरेने बघत. शहरातली मराठी मंडळी महिन्या-दोन महिन्यांनी कोणाच्या तरी घरी जमत, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. तिथे नव्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असे. कुठले तुम्ही? आडनाव काय? पुष्कळदा तो सहज विचारलेला असे, कधी कधी नसे. मला तो प्रश्न आला की मी पाणी आणायला उठायचो. काका मात्र आडनाव मोठ्याने सांगत, नीट ऐकू गेलं का म्हणून पुन्हा सांगत, आणि मग समोरच्याच्या चेहऱ्याकडे चष्म्यावरून बघत उभे राहत, जसं ऑफिसात बकल ओढताना बघत असतील. परत येताना गाडीत काकूंना सांगत, "आज एकच तडा. बाकी माल चांगला होता."

काकू म्हणत, "आणि त्या तडा गेलेल्याच्या घरून तुम्ही डबा भरून श्रीखंड आणलं."

"श्रीखंडाला कुठं तडा आहे?"

अशा माणसाने एका उन्हाळ्यात ट्रेलर घेतला. ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, छोटं बेसिन, भिंतीला दुमडून ठेवायचं टेबल. फ्लोरिडाला कायमच्या राहायला निघालेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याने तो विकला. क्रीम रंग, त्यावर तपकिरी पट्टा. काकूंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अर्ध्या जगाला सुट्टीत घरापासून दूर जायचं असतं. आम्ही घर सोबत घेऊन जाऊन राहिलो."

ट्रेलर सरळ ओढणं सोपं. उलटा घेणं म्हणजे परीक्षा, कारण स्टिअरिंग एका बाजूला फिरवलं की तो दुसऱ्या बाजूला जातो. रविवारी सकाळी मॉल उघडायच्या आधी रिकाम्या पार्किंगमध्ये काकांचा सराव चाले. काकू मागे उभ्या राहून हात करत.

"डावीकडे. अहो, डावीकडे. तुमच्या नाही, माझ्या डावीकडे."

"तू आहेस कुठं? मला दिसून नाही राहिलीस."

"दिसत नसेन तर थांबा ना बापा. चिरडता काय?"

एकदा ट्रेलर दिव्याच्या खांबाला घासला. काका लगबगीने उतरले, पोचा आलेल्या पत्र्यावरून बोट फिरवलं आणि खूश झाले. "बघ, जोडावर नाही वाकला. मधे वाकला. म्हणजे जोड पक्के आहेत." काकू तोवर गाडीत जाऊन बसल्या होत्या आणि त्यांनी काच वर केली होती.

ट्रेलर का घेतला, हे मी एकदाच विचारलं. काका तेव्हा गाडीमागे ट्रेलर अडकवायची कडी आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "माझे वडील सरकारी कचेरीत शिपाई. बदली झाली की आई आधी विचारायची, तिथं घर मिळेल का? पगाराचं नंतर. भाड्याचं घर बघायला गेलं की लोक रिकाम्या खोलीसमोर उभे राहून सांगत, खोली नाही. म्हणून म्हटलं, घरच मागे बांधून न्यावं." मग पाना माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता तू आवळ. माझ्याच्याने ढिलं राहिलं असेल."

मी हिंगणघाटचा. वडील जिनिंग फॅक्टरीत कापसाच्या गाठी उचलायचे. नगर परिषदेची शाळा, मग नागपूरला कॉलेज, मग शिष्यवृत्ती आणि हे मिशिगन. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला माझ्या प्रोफेसरांचा प्रकल्प बंद पडला आणि माझी असिस्टंटशिप, म्हणजे त्यांच्या हाताखालचं पगाराचं काम, गेली. माझ्या विभागाने फी माफ केली, पण राहायचं कुठे हा प्रश्न उरला. प्रबंधाचं काम वसंतापर्यंत चालणार होतं. तेवढे महिने छप्पर मिळालं तर पदवी, नाही तर ती अर्धी टाकून हिंगणघाट. बाबांनी तिकडे अख्ख्या फॅक्टरीला सांगून ठेवलं होतं की पोरगा शिक्षण पुरं करूनच येणार. मी काकांकडे मदत मागायला गेलो नव्हतो, निरोप घ्यायला गेलो होतो. काकांनी ऐकून घेतलं आणि ट्रेलरची किल्ली आणून माझ्यासमोर ठेवली.

"घरात ठेवलं तर फ्रिज उघडताना तू दर वेळी इकडे-तिकडे बघशील," ते म्हणाले. "ट्रेलरला स्वतःचं दार आहे."

असा मी काकांच्या अंगणात, गॅरेजच्या शेजारी राहायला लागलो. अंघोळ आणि जेवण घरात, झोप आणि अभ्यास ट्रेलरमध्ये. संध्याकाळी काका हीटर बघायला येत. स्वतःच्याच ट्रेलरचं दार वाजवत आणि मी "या" म्हणेपर्यंत बाहेर थंडीत उभे राहत. एकदा मला पटकन ऐकू आलं नाही. दार उघडलं तर टोपीवर बर्फ घेऊन उभे.

"काका, तुम्ही आत यायचं ना सरळ."

"कोणाच्याही घरात असं शिरतात का?" ते म्हणाले, आणि आत येऊन हीटरसमोर उकिडवे बसले. "हं. हा बिघडेल कसा?"

पहिल्या बर्फानंतर ट्रेलरचा जुना विमा संपत आला. तो आधीच्या मालकांच्या एजंटकडून घाईत घेतलेला, कामचलाऊ होता. काकांनी ठरवलं, आता नीट बघून घ्यायचा. "तू पण चल," मला म्हणाले. "राहतोस तू, तर तुझं मत पाहिजे."

नवा एजंट साठीचा, पांढऱ्या मिशांचा, मनमिळाऊ गृहस्थ होता. त्याने कॉफी दिली आणि माहितीपत्रक उघडून समजावायला सुरुवात केली. काकांनी त्याला थांबवलं.

"आधी हे सांगा, ही पॉलिसी बिघडेल कशी?"

एजंट हसला. "एकाच कारणाने. तुम्ही मला काही सांगायचं बाकी ठेवलंत तर."

काकांना हे उत्तर फार आवडलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

मग एकेक संरक्षण निघालं. ट्रेलर रस्त्यावर ओढताना दुसऱ्या कोणाला लागलं तर गाडीचा विमा पुरतो, पण ट्रेलरचं स्वतःचं नुकसान वेगळं लिहावं लागतं. आग, चोरी, गारपीट, झाड पडणं, याचा आणखी वेगळा भाग. मुक्कामाला लावलेल्या ट्रेलरच्या पायरीवरून कोणी घसरला तर त्याचाही. काका प्रत्येकाला नवी संकटं सुचवत. झाड पडलं, पण ते झाड माझंच असेल तर? गारा पडल्या, पण खिडकी मीच उघडी ठेवली असेल तर? एजंटची कॉफी निवून गेली. तरी तो चिडला नाही, एवढं त्याच्याबद्दल सांगायला हवं.

"आणि हे," एजंट म्हणाला, "प्रवासात ट्रेलर निकामी झाला तर हॉटेलचा खर्च कंपनी देते."

काकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हॉटेलवाला खोली देईल?"

"बिल आम्ही देऊ."

"बिलाचं नाही विचारत. कंपनीने सांगितलं तर तो खोली देईल का?"

"खोली रिकामी असली तर का नाही देणार?" एजंटने अगदी मनापासून विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "हे लिहा. हे सगळ्यात वर लिहा."

एजंटने लिहिलं आणि पान उलटलं. "आता शेवटचं. ट्रेलरमध्ये कोणी राहतं?"

मला वाटलं, काका नाही म्हणतील. इतकं साधं होतं ते.

"हो," काका म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हा राहतो."

एजंटने पेन खाली ठेवलं. "भाड्याने?"

"छे."

"मग पाहुणा आहे. काही दिवसांसाठी आलेला. बरोबर?"

"पाहुणा कधी जाणार, हे आमच्याकडे विचारत नाहीत."

"पण कधी तरी जाईलच ना."

"पदवी मिळाली की."

एजंट हळू आवाजात म्हणाला, "सर, ही पॉलिसी सहलीच्या ट्रेलरची आहे. त्यात माणूस कायम राहत असेल तर ती लागू होत नाही. कायम राहणाऱ्यांची वेगळी असते, पण अंगणात लावलेल्या ट्रेलरला, ते पण इथल्या हिवाळ्यात, ती मी देऊ शकत नाही. तुम्ही 'कोणी राहत नाही' म्हणा. मी पुन्हा विचारणार नाही."

"आणि हीटरने आग लागली तर?"

"तर कंपनी विचारेल."

"आणि हा आत असला तर?"

एजंटने मिशीवरून हात फिरवला.

काका म्हणाले, "खोटं सांगून घेतलेला विमा म्हणजे विमा नाही, नवस आहे. माझ्या बापाने धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी नवस बोललेलं नाही. मी कशाला सुरू करू?" हे सगळं त्यांनी एजंटला इंग्रजीत समजावलं. नवसाला इंग्रजीत काय म्हणावं ते न सुचल्याने त्यांनी देवाशी केलेला सौदा असं काहीतरी सांगितलं, आणि एजंट, जो रविवारी चर्चला जाणारा असावा, विचारात पडला.

मग काकांनी चष्मा पुसला. "बरं. लिहा, कोणी राहत नाही. आजपासून कोणी राहत नाही."

मी कॉफीचा कप खाली ठेवला.

"आत सामान ठेवलं तर चालतं?" काकांनी विचारलं.

"चालतं. सामानाचं वेगळं संरक्षण आहे. कसलं सामान?"

"बिघडलेलं."

"तुम्हाला बिघडलेल्या सामानाचा विमा पाहिजे?"

"बिघडलेलं सामान आणखी बिघडणार नाही असं तुम्हाला वाटतं," काका म्हणाले. "तुम्ही माझ्या ऑफिसात या एकदा."

परत येताना मी गाडीत बोलायची तयारी करत होतो. शेवटी म्हटलं, "काका, तुम्ही बरोबरच केलं. मी या आठवड्यात निघतो. तुम्ही आजवर केलंत तेच खूप."

"सीटबेल्ट लाव," काका म्हणाले.

काकू दारातच होत्या. काकांनी बूट झटकत जाहीर केलं, "ट्रेलरमध्ये आजपासून कोणी राहणार नाही. तसं लिहून दिलं."

काकूंनी माझा चेहरा पाहिला. मग काकांवर अशा काही उखडल्या की मी तसं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "काहून? पोराला या थंडीत कुठं पाठवून राहिले तुम्ही? एका कागदासाठी? तुमच्या आईला जसं दारातून परत पाठवत होते, तसं तुम्ही—"

"घरात," काका म्हणाले.

"काय घरात?"

"घरात पाठवून राहिलो. मागच्या खोलीत."

काकू थांबल्या. "आणि म्युझियम?"

"ते ट्रेलरमध्ये. विमा उतरवला त्याचा."

काकू दाराच्या चौकटीला टेकल्या. आधी मला वाटलं रडतात, पण त्या हसत होत्या. "इतकी वर्षं मी सांगून सांगून थकली. माझं नाही ऐकलं. विमावाल्याचं एका बैठकीत ऐकलं."

"तू कधी लिहून मागितलंस?" काका म्हणाले.

त्याच दुपारी आम्ही खोली रिकामी केली. काका प्रत्येक वस्तू दोन्ही हातांनी धरून बर्फातून ट्रेलरपर्यंत नेत आणि मला बजावत, "सांभाळून. मोडेल." मुलगी दारात उभी राहून बघत होती. तिने टोपलीभर बकलं ट्रेलरमधल्या माझ्या पलंगावर नेऊन ठेवली आणि मला म्हणाली, "यू गॉट प्रमोटेड." काकूंनी झाडू घेतला तो संध्याकाळपर्यंत खाली ठेवला नाही. त्या खोलीत किती प्रकाश येतो, हे घरातल्या कोणालाच माहीत नव्हतं.

रात्री जेवणानंतर काकांनी मला घराच्या पुढच्या दाराची किल्ली दिली. मी ती घेताना काहीतरी बोलणार होतो. ते म्हणाले, "कुलूप जरा अडतं. किल्ली घालून थोडी वर उचलायची. कुठं बिघडलंय ते अजून सापडलं नाही."

मी वसंतात प्रबंध दिला. पदवीच्या समारंभाला काका कोट घालून आले होते आणि माझा झगा बघून म्हणाले की शिवण खांद्यावर जाईल. त्यानंतर मला नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीला नोकरी लागली. तिथे पोचल्याच्या पहिल्या महिन्यात मी त्यांना पत्र लिहिलं. शाळेत शिकवलं होतं तसं, वर उजव्या कोपऱ्यात गाव घालून.

कॅरी

तीर्थस्वरूप काकांस,
सप्रेम जय भीम.

मी इथे सुखरूप पोचलो. घर मिळालं. मालकिणीने माझं आडनाव विचारलं ते फक्त पत्रपेटीवर लावायला. तिने स्पेलिंग चुकवलं आहे, पण ते मी दुरुस्त करून घेईन.

ऑफिस घरापासून दूर आहे. बस नाही, म्हणून एका सहकाऱ्याच्या गाडीतून जातो. काम मातीच्या चाचणीचं आहे. नमुना दाबायचा आणि तो कधी ढासळतो ते लिहायचं. पहिल्याच दिवशी साहेबांनी विचारलं, अनुभव आहे का? मी म्हटलं, घरचा आहे.

हिंगणघाटहून बाबांचं पत्र आलं. पदवीचा फोटो त्यांनी फॅक्टरीत नेला होता. मुकादमाने तो बघताना हात पुसून घेतले, एवढंच त्यांनी लिहिलं आहे. बाबा जास्त लिहीत नाहीत.

काकूंना सांगावं, भाजी मी रोज करतो. बिघडते, पण रोज वेगळ्या ठिकाणी.

एक गोष्ट कळवायची होती म्हणून हे पत्र. ऑफिसात विम्याचे कागद भरून घेतले. सगळं खरं लिहिलं. त्यात एक रकाना होता, मला काही झालं तर या देशात कोणाला कळवायचं. तिथे मी तुमचं नाव आणि पत्ता लिहिला. पुढे नातं विचारलं होतं. कागद गोळा करणाऱ्या बाई समोर उभ्या होत्या, मला विचार करायला वेळ नव्हता. मी 'काका' लिहिलं, म्हणजे इंग्रजीत 'अंकल'.

तुमच्या मते हे खोटं असेल तर कृपया कळवावं. मी जाऊन खोडून येईन.

आपला,
मागच्या खोलीतला